इंटिरिअर डिझाइन व्यवसायाची डिजिटल प्रसिद्धी : कोल्हापुरातील व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घरांची आणि कार्यालयांची अंतर्गत सजावट करणारे आमचे एक छोटे कार्यालय आहे. नुकतेच शिक्षण पूर्ण केलेले तरुण, सुतारकामातून डिझाइनकडे वळलेले कारागीर आणि घरातून व्यवसाय सांभाळणाऱ्या भगिनी आमच्याकडे प्रसिद्धीविषयी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे येथे आमच्या अनुभवाच्या आधारे दिली आहेत.

माझी सगळी कामे ओळखीतूनच येतात. मग गुगल आणि इन्स्टाग्रामची मला गरज काय?

कामे ओळखीतूनच येतात हे खरे आहे, आणि आपल्या गावात ते पुढेही तसेच राहील. प्रश्न आहे तो ओळखीने नाव कळल्यानंतरचा. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी तुमचे नाव सुचवतो, घरी आल्यावर रात्री जेवणे आटोपली की घरातील मुलगी किंवा सून तेच नाव फोनवर टाकून बघते, आणि पुढच्या पाच मिनिटांत तुम्हाला फोन करायचा की नाही हे जवळपास ठरून जाते. त्या वेळी तुमच्या नावापुढे काहीच आले नाही, किंवा तीन वर्षांपूर्वीचे दिवाळीचे शुभेच्छापत्र तेवढे आले, तर नाव सुचवणाऱ्याचा शब्दही हलका पडतो. म्हणून डिजिटल साधनांकडे अनोळखी माणसांना गोळा करण्याचे यंत्र म्हणून पाहू नका. ज्याने तुमचे नाव ऐकले आहे त्याला खात्री करून घेता यावी, यासाठी ती आधी नीट लावून ठेवा. पुढची सगळी उत्तरे याच भूमिकेतून दिली आहेत.

सुरुवात नेमकी कोठून करावी?

गुगल बिझनेस प्रोफाइलपासून करावी. पूर्वी याचेच नाव गुगल माय बिझनेस असे होते. २०२१ मध्ये ते बदलले. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि गुगल मॅपवर नाव शोधणाऱ्याला सर्वांत आधी हेच दिसते.

नोंदणी करताना व्यवसायाचे नाव पाटीवर किंवा बिलावर आहे तसेच लिहावे. नावाला ‘कोल्हापुरातील सर्वोत्तम’, ‘स्वस्त किचन ट्रॉली’ अशी शेपटे जोडणे गुगलच्या नियमात बसत नाही आणि त्यामुळे प्रोफाइल बंद पडण्याचा धोका असतो. मुख्य प्रवर्ग ‘इंटिरिअर डिझायनर’ असाच निवडावा. घरातून काम करत असाल आणि घराचा पत्ता सर्वांना दिसू नये असे वाटत असेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय आहे. असे २० परिसर नोंदवता येतात. पण कोल्हापूर शहर, कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर अशी जिथे तुम्ही खरोखर साइटवर जाऊ शकता तेवढीच गावे लिहावीत. साताऱ्यापर्यंतची यादी लिहिल्याने तिकडे तुमचे नाव वर येत नाही.

वर येण्याचे निकष गुगलने स्वतःच सांगितले आहेत : शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून तुमचे अंतर किती आणि तुमची ख्याती किती. अंतर तुमच्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र नेमकी माहिती, ताजे फोटो आणि प्रामाणिक अभिप्राय यांनी हळूहळू वाढतात. एका महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणून देण्याची हमी कोणी दिली, तर त्याला पैसे देऊ नयेत.

ग्राहकांकडून अभिप्राय कसे मिळवावेत? थोडी सूट दिली तर चालेल का?

चालणार नाही. अभिप्रायाच्या बदल्यात सूट, भेटवस्तू किंवा पैसे देणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. केवळ खूश असलेल्या ग्राहकांनाच निवडून अभिप्राय मागणेही नियमात बसत नाही. आम्ही हँडओव्हरच्या, म्हणजे काम पूर्ण करून घर ताब्यात देण्याच्या, दिवशी काही मागत नाही, कारण त्या दिवशी घरात वास्तुशांतीची घाई असते. साधारण तीन आठवड्यांनी, ट्रॉल्यांचा रोजचा वापर सुरू झाल्यावर, एकदा घरी जाऊन येतो. काही घासत असेल तर नीट करतो, आणि निघताना व्हॉट्सॲपवर दुवा पाठवून ‘जसे वाटले तसे लिहा’ एवढेच म्हणतो. ‘छान काम’ या दोन शब्दांपेक्षा ‘सिंकखालच्या कपाटात पाणी मुरत होते, चौथ्या दिवशी येऊन बदलून दिले’ हे वाक्य पुढच्या ग्राहकाला कितीतरी अधिक सांगून जाते. नाराजीचा अभिप्राय आलाच, तर दोन दिवसांच्या आत नम्रपणे आणि मुद्द्याला धरून उत्तर द्यावे. लोक तक्रारीइतकेच त्याखालचे उत्तरही वाचतात.

चांगले फोटो काढण्यासाठी महागडा छायाचित्रकार हवाच का?

वर्षातील दोन-तीन मोठ्या कामांसाठी जरूर बोलवावा. बाकीच्या कामांना चांगला मोबाइल पुरतो. मात्र वेळ आणि शिस्त हवी, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे संध्याकाळी सगळे दिवे लावून काढलेला फोटो. फॉल्स सीलिंगमधील पिवळ्या पट्ट्या भिंतीचा रंग खाऊन टाकतात आणि लॅमिनेटचा, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या सजावटीच्या थराचा, खरा पोत दिसतच नाही. दिवसा पडदे सारून, दिवे मालवून आणि खिडकी बाजूला येईल असे उभे राहून फोटो काढावा. मोबाइल छातीच्या उंचीवर धरावा, कपाटांच्या उभ्या रेषा सरळ येत आहेत ना हे पाहावे, आणि कोपऱ्यात उभे राहून संपूर्ण खोली एकाच फोटोत कोंबण्याचा मोह टाळावा.

रुईकर कॉलनीतील एका स्वयंपाकघराचे उदाहरण देतो. आम्ही पूर्ण ओट्याचे आठ फोटो काढले होते, तेही चांगलेच आले होते. पण घरातील आजींनी वरच्या कपाटातील खाली ओढता येणारी जाळी एका हाताने सहज खाली घेतली, डाळींचे डबे काढले आणि जाळी पुन्हा वर ढकलली, त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ आम्ही त्यांच्या परवानगीने टाकला. त्यांच्या हातातील बांगड्यांचा आवाज आणि जाळी बसतानाचा हलका ‘टक’ असा आवाज, एवढेच त्यात ऐकू येत होते. पुढच्या दोन महिन्यांत आलेल्या निम्म्याहून अधिक फोनवर ‘त्या आजींच्या व्हिडिओत होती तशी जाळी’ हीच मागणी होती. घर पाहणारा माणूस त्या घरात स्वतःचे रोजचे जगणे बसवून बघत असतो. त्यामुळे देवघराचा दरवाजा उघडला की समई कोठे ठेवता येते, मिक्सर ओट्यावरून न उचलता कसा वापरता येतो, चपलांच्या कपाटाला हवा कोठून मिळते, अशा गोष्टी जवळून दाखवाव्यात.

फोटो टाकण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घ्यावी. व्हॉट्सॲपवरील संदेशही चालेल, पण तो जपून ठेवावा. घराचा क्रमांक, दारावरची नावाची पाटी, तिजोरीची जागा आणि मुलांचे चेहरे फोटोत येणार नाहीत याची काळजी आपणच घ्यायची असते. ग्राहकाच्या ते लक्षात येत नाही.

कामे अजून थोडी आहेत. थ्रीडी चित्रे किंवा एआयने तयार केलेली चित्रे टाकली तर चालतील का?

थ्रीडी चित्र हे डिझाइनरचे कायदेशीर आणि उपयुक्त साधन आहे. स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष मोजमापावर उभे केलेले चित्र ग्राहकाला निर्णय घ्यायला मदत करते. ते टाकावे, पण त्यावर ‘प्रस्तावित डिझाइन’ असे स्पष्ट लिहावे. पहिल्या वर्षी आम्ही ही काळजी घेतली नव्हती. नागाळा पार्कमधील एक कुटुंब आमच्या पानावरील दिवाणखाना पाहून आले आणि ‘हे घर एकदा प्रत्यक्ष दाखवा’ म्हणाले. तसे घर नव्हतेच, होते ते फक्त चित्र. आम्ही खरे सांगितले, ते शांतपणे उठून गेले आणि काम गेले. त्यांचे काही चुकले असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

एआयच्या चित्रांबाबत अधिक सावध राहावे. त्यात खिडकीसमोर कपाट येते, बीम नाहीसा होतो, आणि दहा बाय अकराच्या खोलीत सहा माणसांचे जेवणाचे टेबल ऐसपैस बसते. ग्राहकाची आवड समजून घेण्यासाठी पहिल्या बैठकीत ती जरूर वापरावीत. स्वतःचे काम म्हणून कधीही दाखवू नयेत. कामे थोडी असतील तर तीनच दाखवावीत, पण रिकाम्या खोलीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत ती पूर्ण दाखवावीत.

प्रोफाइलवर ‘आर्किटेक्ट’ असे लिहिता येते का?

काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तरच येते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरतीच आहे. इतरांनी ‘इंटिरिअर डिझायनर’ असे लिहावे. त्यात काहीही कमीपणा नाही.

इन्स्टाग्रामवर रोज काय टाकायचे? विषयच सुचत नाहीत.

रोज टाकण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन वेळा, पण कोल्हापुरातील माणसाच्या उपयोगाचे काहीतरी टाकावे. परदेशी बैठकीच्या खोल्यांची सुंदर चित्रे सर्वांच्याच पानांवर असतात. आपल्या पावसाविषयी बोलणारे मात्र फार थोडे आहेत.

जुलैमध्ये लाकडावर पॉलिश केले की हवेतील ओलाव्यामुळे त्यावर पांढुरका पडदा येतो. तो का येतो, आणि पावसाळ्यात आम्ही पॉलिशचे काम उघडीप मिळेपर्यंत का थांबवतो, हे एका फळीवर प्रत्यक्ष दाखवले तर उशीर का होतो हे ग्राहकाला आधीच कळते आणि पुढचा वाद टळतो. प्लायवर छापलेला आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, आणि आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय. सिंकखाली कोणता वापरायचा आणि दिवाणखान्यातील टीव्ही युनिटला कोणता पुरतो, हे शिक्का जवळून दाखवत सांगावे.

पुराचा विषयही टाळू नये. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी शहरातील अनेक घरांत शिरले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पाणी येऊ शकणाऱ्या भागातील तळमजल्यावर ओट्याखाली प्लायऐवजी कडप्पा आणि स्टीलच्या ट्रॉल्या का वापराव्यात, विजेचे पॉइंट किती वर घ्यावेत, कपाटाचा खालचा भाग सुटा कसा ठेवावा, ही माहिती देणाऱ्याकडे लोक विश्वासाने येतात. मात्र हे विषय पाणी उतरल्यावर लगेच जाहिरात म्हणून मांडू नयेत. मे महिन्यात, तयारीचा भाग म्हणून मांडावेत. माणसे चिखल काढत असताना त्यांना कपाटे विकायला जाणे आम्हाला योग्य वाटत नाही.

मजकूर मराठीत लिहावा. ‘किचन ट्रॉली’, ‘देवघर’, ‘टीव्ही युनिट’, ‘माळा’ असे जे शब्द लोक बोलतात तेच शीर्षकात असावेत, कारण बरेच जण आता फोनशी बोलून शोधतात आणि बोलताना ते मराठीतच बोलतात.

स्वतंत्र वेबसाइट लागतेच का?

पहिल्या वर्षी लागत नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणारी मोफत वेबसाइटची सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे पुढे स्वतःची साधी चार पानी वेबसाइट असलेली बरी : कामे, कामाची पद्धत, दरांची कल्पना आणि संपर्क. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मात्र आजच स्वतःच्या नावावर घेऊन ठेवावे.

दर उघडपणे लिहावेत का? स्पर्धकांना कळतील ना?

स्पर्धकांना ते तसेही कळतात. अंधारात राहतो तो ग्राहक. नेमका दर लिहिणे अवघड आहे हे मान्य, कारण प्लाय, हार्डवेअर आणि लॅमिनेट बदलले की एकाच ट्रॉलीची किंमत दुपटीने बदलू शकते. पण किमतीची खालची आणि वरची मर्यादा, ती कशामुळे बदलते आणि तुमचे डिझाइन शुल्क चौरस फुटावर आहे की एकूण कामावर, एवढे तरी लिहावे. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही हे पहिल्याच पानावर असावे. शेवटच्या बिलात तो अचानक पुढे आला की चांगले झालेले कामही कडू होते, आणि मग तो ग्राहक कोणाला तुमचे नाव सुचवत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसचा उपयोग फक्त शुभेच्छा पाठवण्यासाठी होतो का?

शुभेच्छा कमी आणि काम अधिक असावे. या ॲपमध्ये चौकशांना लेबल लावता येतात : नवीन चौकशी, मोजमाप झाले, कोटेशन दिले, काम सुरू, काम पूर्ण. कॅटलॉगमध्ये कामांचे फोटो आणि किमतीची कल्पना ठेवता येते. साइट कोठे आहे, घर नवे की जुने, काम कधी हवे, हे पहिले प्रश्न तयार उत्तरांमध्ये साठवून ठेवले की साइटवर धुळीत उभे असतानाही अर्ध्या मिनिटात उत्तर जाते. एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीतील संदेश फक्त तुमचा क्रमांक जतन केलेल्यांनाच पोहोचतो, हे लक्षात ठेवावे. विकत घेतलेल्या क्रमांकांच्या याद्या निरुपयोगी असतात आणि त्रासदायकही.

कोल्हापुरात या साधनाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. इथल्या अनेक घरांत राहणारे आई-वडील, पैसे देणारा पुण्यातील किंवा परदेशातील मुलगा आणि रंग ठरवणारी सून ही तिघे तीन ठिकाणी असतात. प्रत्येक कामाचा एक गट करून त्यात दर शनिवारी सहा फोटो, झालेले काम, पुढच्या आठवड्याचे काम आणि प्रलंबित निर्णय असा एक संदेश आम्ही पाठवतो. लॅमिनेटचा क्रमांक तिथेच लिहून ‘मान्य’ असे उत्तर घेतो. एकदा काकांनी साइटवर येऊन ‘हा रंग कोणी सांगितला?’ असे रागाने विचारले, तेव्हा त्यांच्याच मुलाचा तीन आठवड्यांपूर्वीचा ‘मान्य’ हा संदेश दाखवता आला, आणि विषय चहावर संपला. असा शनिवारचा संदेश पुण्यातील तो मुलगा आपल्या मित्रांना पुढे पाठवतो, आणि त्यांचीही घरे कोल्हापूर, गडहिंग्लज, कागल इथेच असतात.

पैसे देऊन जाहिराती कराव्यात का?

प्रोफाइल, दहा-पंधरा खरे अभिप्राय आणि निदान तीन पूर्ण कामांचे फोटो तयार होईपर्यंत करू नयेत. त्यानंतर थेट व्हॉट्सॲपवर चौकशी येणाऱ्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिरातीपासून लहान रकमेने सुरुवात करावी. शहराभोवती मोठे वर्तुळ टाकले की त्यात निपाणी, सांगली सगळेच येते. जिथे जाणे परवडत नाही ती गावे वगळण्याची सोय आहे, ती वापरावी.

हिशोब नेहमी कामापर्यंत न्यावा. समजा १५,००० रुपये खर्चून ३० चौकशा आल्या, त्यातील ६ ठिकाणी मोजमाप झाले आणि १ काम मिळाले, तर त्या कामाचा प्रसिद्धीखर्च १५,००० रुपये आहे. ‘५०० रुपयांत एक चौकशी’ हा आकडा केवळ दिलासा देतो.

आमची एक तक्रार इथे नोंदवणे उपयोगी ठरेल. आम्ही एका संस्थेला जाहिरातींचे काम दिले होते आणि जाहिरातींचे खाते त्यांनी स्वतःच्या नावावर उघडले. वर्षाने करार संपला, तेव्हा कोणत्या जाहिरातीला कोणी प्रतिसाद दिला ही सगळी माहिती त्यांच्याकडेच राहिली आणि आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागली. खाते, पान, डोमेन आणि प्रोफाइल यांची मालकी तुमच्याच ईमेलवर असावी. बाहेरच्यांना केवळ काम करण्यापुरता प्रवेश द्यावा.

वर्षातील कोणत्या काळात प्रसिद्धीवर भर द्यावा?

लोकांना घर दिवाळीच्या आत तयार हवे असते. स्वयंपाकघर आणि दोन खोल्यांचे फर्निचर धरले तर दीड-दोन महिने सहज जातात, मध्ये पितृपक्षात नवे काम सुरू होत नाही आणि गणपतीत कारागीर गावी जातात. हे सगळे वजा केले तर निर्णय श्रावणाच्या सुरुवातीला व्हावा लागतो. आषाढात लोक काम सुरू करत नसले तरी विचारपूस करतात, म्हणून आमचा वर्षातील सर्वांत मोठा खर्च आषाढात असतो. दुसरा भर गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी महिनाभर.

सर्वच प्रकारची कामे दाखवावीत की एखादाच प्रकार?

कामे सर्व घ्यावीत, पण दाखवताना एक-दोन प्रकारांवर जोर असावा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतील अरुंद जुन्या घरांत जागा काढणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांची कार्यालये हे दुसरे. ही मंडळी रोज मिलिमीटरमध्ये बोलतात, त्यांना मोहक चित्रापेक्षा मापे लिहिलेले नेटके रेखाचित्र अधिक पटते, म्हणून त्यांच्यासाठीच्या पोस्टमध्ये तेच दाखवावे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सहा जिल्ह्यांचे काम इथे चालते. त्यामुळे वकिलांच्या छोट्या चेंबरची गरज वाढली आहे : फायलींची खोल कपाटे, पक्षकारांना बसायला जागा आणि आवाज बाहेर न जाणारे दार. असे एक चेंबर नीट करून त्याची पूर्ण माहिती मांडली, तर त्या विषयात तुमचेच नाव पुढे येऊ शकते.

काम पूर्ण झालेल्या ग्राहकांशी संपर्क कसा ठेवावा?

गुगल शीटमध्ये एक साधा तक्ता पुरतो : नाव, भाग, हँडओव्हरची तारीख, वापरलेल्या लॅमिनेटचे आणि रंगाचे क्रमांक, आणि पुढची भेट. सहा वर्षांनी कोणी एक शटर बदलून मागितले, तर तोच क्रमांक तुमच्या तक्त्यात सापडला पाहिजे. पहिला पावसाळा संपला की आम्ही त्या वर्षीच्या प्रत्येक ग्राहकाला फोन करतो, कारण ओलाव्याने फुगलेली दारे आणि सैल झालेले बिजागर तेव्हाच जाणवतात. माणूस पाठवून ते मोफत बसवून देतो. त्याला लागतो अर्धा तास आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. आणि बहुधा त्याच वेळी शेजारच्या फ्लॅटमधील कोणीतरी दारात येऊन विचारते, ‘आमच्याकडेही जरा बघून जाता का?’